केस-पेपरवर आधी तिचं म्हणणं लिहायला शिकवा: मनोविकारशास्त्राच्या शिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय प्राध्यापकहो,

सप्रेम नमस्कार.

मनाच्या आजारांबद्दल पत्र लिहायचं तर ते सरकारला लिही, असं मला अनेकांनी सुचवलं. खाटा, निधी, कायदा यांची सूत्रं तिकडे आहेत हे खरं. तरीही हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. त्रासलेलं माणूस पहिल्यांदा दवाखान्याच्या खुर्चीवर बसतं आणि समोरचा तरुण रेसिडेंट पेन उघडतो. तो काय विचारणार, काय लिहिणार आणि काय कानाआड करणार, हे तोवर बरंचसं तुमच्या वर्गात ठरून गेलेलं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीला आवाज ऐकू येतात. कॉलेजात असल्यापासून येतात. तिच्याबरोबर ओपीडीच्या बाकांवर माझी कित्येक वर्षं गेली, आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात घट्ट झाली आहे. त्रास ज्याला होतो त्याला त्या त्रासाबद्दल काहीतरी ठाऊक असतं. तुमचं शास्त्र ते ज्ञान म्हणून मोजत नाही. पेशंट बोलतो, डॉक्टर त्यातून लक्षणं वेचून घेतात, आणि बाकीचं बोलणं तिथेच सांडून जातं. हे बदलायला हवं, आणि त्याची सुरुवात तुमच्या हातून होऊ शकते.

हे पत्र ताईने वाचलं आहे. तिची कीव करणारी वाक्यं तिने खोडून टाकली. उरलं आहे ते तिच्या संमतीने.

एक प्रसंग सविस्तर सांगते. आवाज फार वाढले, झोप उडाली, म्हणून ताईला ॲडमिट केलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली, आवाज खरोखरच खाली आले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मग तीन-चार दिवसांत काहीतरी बिनसलं. ती बसेना. कॉटवर बसवली की टाचा एकमेकींवर घासायची, उठायची, खिडकीपासून दारापर्यंत जायची, परत यायची. ताट हातात धरून उभ्याने जेवायची. दोन घास आणि एक फेरी, दोन घास आणि एक फेरी. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ती म्हणाली, "पायात कुणी किल्ली भरून ठेवल्यासारखं होतंय. मला थांबायचंय, पण पाय थांबू देत नाहीत." मी शेजारीच उभी होते. केस-पेपरवर लिहिलं गेलं: पेशंट अस्वस्थ, सूचना पाळत नाही. डोस वाढला. त्या रात्री फेऱ्याही वाढल्या, आणि पहाटेच्या सुमारास ती मला म्हणाली की हे असंच चालणार असेल तर मला जगायला नको.

रात्रपाळीच्या सिस्टर तिच्याबरोबर थोडा वेळ चालल्या. चालता चालता त्यांनी विचारलं, "ही तगमग मनात आहे का पायात?" ताई म्हणाली, "पायात. मन त्या पायांमुळे कातावलंय." सकाळी सिस्टरनी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. डोस उतरला, सोबत दुसरी एक गोळी आली, आणि काही दिवसांत ताई मांडी घालून जेवायला बसली.

तुम्ही ऐकता ऐकताच याचं नाव घेतलं असेल. अकाथिसिया. या औषधांचा हा जुना, ओळखीचा दुष्परिणाम. तो पाठ्यपुस्तकात असतो, तोंडी परीक्षेत विचारला जातो, त्यापायी माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ शकतात हेही छापलेलं असतं. राउंडवरच्या डॉक्टरांना तो माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. पण मनाचा आजार असलेलं माणूस पायाबद्दल बोललं तरी ते आजारच बोलतो आहे, असं धरून चालायची सवय त्यांना लागली होती. सिस्टरकडे डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती नव्हती. त्यांनी ताईचं वाक्य खरं धरलं आणि त्यावर पुढचा प्रश्न विचारला, इतकंच. हा पुढचा प्रश्न विचारायला शिकवता येतं. म्हणूनच मी तुमच्या दारात आले आहे.

तुमच्या शास्त्राचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी बाहेरून पाहणाऱ्याला त्यात जे ठळक दिसतं ते मांडते. १८५१ साली अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या ओढीला आजार ठरवलं आणि 'ड्रॅपेटोमेनिया' असं भारदस्त नावही दिलं. १८६० मध्ये इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकर्ड यांना त्यांच्या धर्मोपदेशक नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, कारण धर्माबद्दलची त्यांची मतं त्याच्याशी जुळत नव्हती. विवाहित स्त्रीला सुनावणीशिवाय आत टाकायची मुभा तिथल्या कायद्यातच होती. बाई तीन वर्षं आत राहिल्या. १८६४ मध्ये प्रकरण ज्युरीसमोर आलं तेव्हा त्या शहाण्या आहेत हे ठरवायला ज्युरीला सात मिनिटं पुरली. समलैंगिकता तर १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत विकार म्हणून होती. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीतून ती १९९० मध्ये काढली. त्याआधी, १९७२ च्या अमेरिकेतल्या अधिवेशनात, जॉन फ्रायर या मनोविकारतज्ज्ञाने आपल्याच व्यवसायबंधूंसमोर आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. चेहऱ्यावर मुखवटा होता, आवाज बदलणारा मायक्रोफोन होता आणि नाव लावलं होतं 'डॉ. एच. ॲनॉनिमस'. उघड बोलले असते तर नोकरीवर गदा आली असती.

पळणाऱ्या गुलामाला, पॅकर्डबाईंना, फ्रायर यांना स्वतःबद्दल जे ठाऊक होतं ते बरोबर होतं. मोठमोठे तज्ज्ञ चुकीचे होते. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांनीच तो पुसायची सुरुवात केली, शास्त्र मागाहून आलं.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल, म्हणून ताजं उदाहरण घेते. नैराश्याच्या गोळ्या बंद करताना डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, चक्कर येते, विनाकारण रडू फुटतं, आणि हे कधी कधी महिनोन् महिने चालतं, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. त्यांना ठरलेलं उत्तर मिळायचं: हा त्रास सौम्य असतो, एक-दोन आठवड्यांत जातो, गेला नाही तर समजा मूळ आजारच परतला. लोकांनी मग आपापसात गट केले. गोळीचे बारीक तुकडे करून, पातळ औषध मोजून, कणाकणाने डोस उतरवायच्या रीती त्यांनी एकमेकांना शिकवल्या. २०१९ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने भूमिका बदलली आणि काही जणांना हा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ होऊ शकतो हे मान्य केलं. पुढे गोळ्या हळूहळू कशा उतरवायच्या याची माहितीही त्यांनी लोकांसाठी काढली. चूक कबूल करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदरच आहे. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मान्य व्हायला इतकी वर्षं का लागावीत? मधल्या काळात किती जणांना "तुमचा आजारच परतलाय" असं सांगून पुन्हा पूर्ण डोसवर चढवलं गेलं असेल?

आता तुमच्या केस-पेपरकडे येते. तपासणीच्या शेवटी एक रकाना असतो, इनसाइट. पेशंटला आपल्या आजाराची जाण आहे की नाही. ताईचे जुने कागद मी एकदा तारखांप्रमाणे लावले आणि फक्त हा रकाना वाचत गेले. ती मुकाट्याने गोळ्या घेत होती तेव्हा जाण "आहे". वजन भराभर वाढतंय, पाळी बंद झालीय, दुसरी गोळी द्या, असं म्हणाली तेव्हा जाण "अंशतः". हे आवाज माझ्या लहानपणी घडलेल्या गोष्टीशी जोडलेले आहेत, असं तिने सांगितलं तेव्हा जाण "नाही". त्या कागदांवर जाण म्हणजे डॉक्टरांशी सहमती, एवढाच अर्थ उरला होता. वजनाची तक्रार खरी होती, पाळीचीही खरी होती. दोन्ही त्या औषधाचे ठाऊक असलेले परिणाम. आणि लहानपणाबद्दल ती जे म्हणत होती त्याची शहानिशा कुणीच केली नव्हती.

ती पुष्कळ उशिरा झाली. एका समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, "आवाज बाईचा की पुरुषाचा? वयाने केवढा? ओळखीचा वाटतो का? पहिल्यांदा आला तेव्हा तुमच्या आयुष्यात काय चाललं होतं?" मी शेजारी बसले होते. ताई जवळजवळ तासभर बोलली. तो आवाज कुणाचा, हे मी इथे लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे. इतकं सांगते की तो एका खऱ्या माणसाचा आहे, आणि त्या माणसाने तिला लहानपणी जे धमकावून गप्प बसवलं होतं तेच शब्द तो आवाज अजून बोलतो. केस-पेपरांच्या एवढ्या गठ्ठ्यात "पेशंटला पुरुषाचा आवाज येतो" यापलीकडे त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

हे प्रश्न त्या बाईंच्या मनचे नव्हते. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधले मनोविकारतज्ज्ञ मारियस रोमे यांच्या एका तरुण पेशंटने त्यांना बजावलं होतं, की तुम्ही न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवता, मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजांवर का ठेवत नाही? त्यांनी ते मनावर घेतलं. १९८७ मध्ये दोघं टीव्हीवर गेली आणि आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क करायचं आवाहन केलं. सुमारे ७०० जणांनी प्रतिसाद दिला. त्यांतल्या ४५० जणांना आवाज येत होते, आणि त्यांतले १५० जण म्हणाले की आम्ही त्या आवाजांसोबत नीट जगतो आहोत. यांतली बरीच माणसं दवाखान्यापर्यंत आलीच नव्हती, त्यामुळे शास्त्राला त्यांची गाठच पडलेली नव्हती. त्यांनी काय काय युक्त्या शोधल्या, आवाज कधी येतात, कुणासारखे असतात, हे रोमे आणि त्यांच्या सहकारी पत्रकार सांड्रा एशर यांनी विचारलं, लिहून घेतलं. आवाज ऐकणाऱ्यांचे गट त्यातून देशोदेशी उभे राहिले. पुढे २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, असलेल्यांमध्ये बालपणीच्या अत्याचाराचं, हालअपेष्टांचं प्रमाण इतरांपेक्षा अडीच-तीन पटींनी जास्त आढळलं. प्रत्येकाच्या आवाजामागे असं काही असतंच असा याचा अर्थ नाही. विचारलं तरच कळतं, एवढं मात्र नक्की आहे.

ताईची एक वही आहे. कुठले दिवस वाईट गेले, आधी काय झालं होतं, हे ती त्यात लिहिते. आवाज संध्याकाळी सहा-सातनंतर चढतात. पोट रिकामं असलं की चढतात. शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजत असेल तर हमखास चढतात, म्हणून आमच्या घरी कुणी कुजबुजत नाही, जे असेल ते मोठ्याने बोलतो. ओठ मिटून गुणगुणलं की आवाज पातळ होतो. हे तिने स्वतः शोधलं. मानसशास्त्रज्ञांनीही गुणगुणण्याचा हा परिणाम प्रयोगात तपासून पाहिलेला आहे, हे मला फार नंतर कळलं. आवाजाला ती वेळ नेमून देते, "आत्ता नाही, रात्री जेवणानंतर ये," आणि बऱ्याचदा तो ऐकतो. ही वही आम्ही दवाखान्यात नेली होती. ती चाळायला कुणाला सवड झाली नाही. रांग मोठी असते हे मी पाहिलं आहे. रेसिडेंट मुलांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही पाहिली आहेत. पण साखरेच्या पेशंटने घरी मोजलेल्या आकड्यांची वही आणली तर ती त्याच रांगेत पाहिली जाते.

तुमच्यातले काही जण इथे हटकतील. एखादा म्हणाला की घरचे लोक माझ्या अन्नात विष घालतात, तर तेही ज्ञान म्हणून लिहायचं का? हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही, कारण ताई एकदा त्या टोकाला गेली होती. तिने खाणंच सोडलं होतं. त्या वेळच्या औषधांनी आपला जीव वाचवला असं ती आज स्वतः म्हणते, आणि थोड्या डोसची गोळी अजूनही राजीखुशीने घेते. औषधांशी आमचं वैर नाही. पण त्या वेळीही तिच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. विष घातलं जातंय, ही चुकीची. मला या घरात सुरक्षित वाटत नाही, ही शंभर टक्के खरी, कारण ज्याचा आवाज तिला येतो तो माणूस त्या दिवसांत आमच्या घरी मुक्कामाला आला होता. डॉक्टरांनी पहिली गोष्ट लिहिली, तिच्यापुढे 'भ्रम' असं नोंदवलं आणि दुसरी विचारलीच नाही. विष नाही हे तिला पटवून देण्याची घाई झाली. भीती कुणाची आहे, हे विचारलं असतं तर त्या माणसाला घरातून काढणं हाही उपचाराचा भाग झाला असता.

म्हणजे पेशंट म्हणेल ते सगळं खरं माना, असं मी म्हणत नाही. त्याच्या म्हणण्यात काय खरं आहे ते शोधणं तुमच्या कामाचा भाग धरा, असं म्हणते आहे.

आणि हे शोधायला गेलं की उपचाराची हद्दही वाढते. श्रीलंकेत १९९० च्या दशकाच्या मध्याला आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक देशांमध्ये होतं. रागाच्या, अपमानाच्या, कर्जाच्या एका क्षणी हाताशी कीटकनाशक असायचं आणि ते इतकं जहाल असायचं की पश्चात्तापाला वेळच मिळायचा नाही. १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. यात कुणाच्याही मेंदूतलं काही दुरुस्त केलेलं नव्हतं. घरात काय ठेवलेलं असतं, कुठल्या घडीला ते हातात येतं, हे वाचलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं. झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आजीबाईंना हाताशी धरून दवाखान्यांच्या आवारात बाकं मांडली. आजीबाईंनी ऐकून घ्यायचं, आणि समोरच्यालाच विचारायचं की या सगळ्यातला कुठला प्रश्न आधी सोडवायचा. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी, बाकावर बसलेल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांत सुमारे ५० टक्क्यांत. कुठला प्रश्न आधी, हे ज्याचं दुखतं त्याने ठरवलं होतं, आणि मला वाटतं यशाचं मर्म तिथेच आहे.

पैशांचं एका वाक्यात सांगते. जगभरातली सरकारं आरोग्यखर्चातला सरासरी दोनेक टक्के वाटा मनाच्या आरोग्यावर खर्च करतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही ७० टक्क्यांहून अधिक मनोरुग्णालयांतच जिरतो. हे बदलणं तुमच्या हातात नाही, पण त्याविरुद्ध तुमचा आवाज ऐकला जातो, आमचा जात नाही.

रुग्णालयांच्या भिंती पाडल्या की सगळं सुधारेल असंही मला वाटत नाही, आणि इथे मी घरची माणूस म्हणून बोलते आहे. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया १९७१ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात आले. तिथे कपड्यांची गाडी ओढणारा एक घोडा होता, मार्को. तो म्हातारा झाला आणि त्याला कत्तलखान्यात पाठवायचं ठरलं, तेव्हा १९७२ मध्ये पेशंटांनी घोड्याच्या नावाने अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्याला जीवदान मागितलं. ते मिळालं. पुढच्या वर्षी त्यांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा बनवला आणि तो ओढत शहरात मिरवत नेला. दारातून मावेना म्हणून दार तोडावं लागलं. ज्यांच्या सहीला कायद्यात किंमत नव्हती त्यांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला, हे मला त्या निळ्या घोड्याहूनही मोठं वाटतं. १३ मे १९७८ ला इटलीत मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा झाला. त्रिएस्तेने आधी वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी केंद्रं काढली, राहायला घरं, करायला कामं उभी केली, म्हणून तिथे ते निभावलं. अमेरिकेत १९६३ च्या कायद्यानंतर इस्पितळं रिकामी होत गेली, पण वस्तीपातळीवर ठरलेल्या केंद्रांपैकी निम्मीच्या आसपासच उभी राहिली. उरलेली माणसं रस्त्यावर आली, तुरुंगात गेली किंवा घरी आली.

घरी आली म्हणजे काय, ते सांगते. म्हणजे आई झोपत नाही. म्हणजे घरातल्या एकाने नोकरी सोडायची असते, आणि ती कोण सोडणार हे बहुतेक वेळा बोलण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणजे रात्री अडीच वाजता फोन कुणाला करायचा हे ठाऊक नसतं, आणि पोलिसांना केला तर ते काय करतील याची धास्ती असते. म्हणजे गोळ्या देणारी मी, डोस लपवला का हे पाहणारी मी, आणि बहीणही मीच, हे तिन्ही एकाच दिवसात. काळजी आणि पाळत यांतला फरक सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. डिस्चार्जच्या कागदावर "नातेवाइकांना समजावून सांगितले" अशी एक ओळ असते. बहुतेक वेळा ते समजावणं लिफ्टपाशी उभ्याउभ्या झालेलं असतं.

फिनलंडच्या उत्तरेला तोर्निओ नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या केरोपुदास इस्पितळातल्या लोकांनी १९८० च्या दशकात एक नियम केला: पेशंटबद्दल जे काही बोलायचं ते त्याच्यासमोर आणि त्याच्या माणसांसमोरच बोलायचं. पाठीमागे बैठक नाही, आधीच ठरवून आणलेला निर्णय नाही. फोन आल्यापासून २४ तासांच्या आत पहिली भेट, बहुधा पेशंटच्या घरी, आणि त्याला जे हवे असतील ते सगळे त्या खोलीत. डॉक्टर आपसातले मतभेदही तिथेच बोलून दाखवतात. तिथून आलेले निकाल आशादायक आहेत, पण ते छोट्या भागातले आहेत, आणि कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचणीइतका भार त्यांवर टाकता येत नाही, हे तुम्ही मला सांगाल, आणि ते बरोबर आहे. तरी आपल्याबद्दलचं बोलणं आपल्यासमोर व्हावं, यासाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहायची गरज मला दिसत नाही. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने मानसिक अडचण असलेल्या माणसालाही कायद्यापुढे इतरांसारखं माणूस मानलं आहे. सहीचा हक्क आला, मग त्याच्याबद्दलची बैठक बंद दाराआड का?

तेव्हा माझं मागणं असं. हिस्ट्री लिहिताना पहिल्या चार ओळी पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायची सक्ती करा, आणि त्यावर प्रात्यक्षिकात गुण ठेवा. गुण असल्याशिवाय विद्यार्थी काही मनावर घेत नाहीत हे तुम्ही जाणता. इनसाइटच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना द्या: हे काय आहे आणि कशामुळे झालं, असं पेशंटला वाटतं, आणि आपलं त्याच्याशी कुठे जुळत नाही. औषधाबद्दलची तक्रार आधी खरी धरून तपासायची, मग वाटल्यास खोडायची, हा क्रम शिकवा. गोळी सुरू करायला शिकवता तितक्याच बारकाईने ती उतरवायलाही शिकवा. कर्ज, मार, नोकरी, घरात कोण राहतं, कुणाची भीती वाटते, हे प्रश्न समाजसेवकावर ढकलू नका. डॉक्टरनेच विचारले पाहिजेत, कारण पेशंट बहुधा डॉक्टरलाच एकदा सांगून पाहतो, आणि तिथे कानावर हात ठेवले गेले की पुन्हा तोंड उघडत नाही.

आणि शिकवायला आमच्यातली माणसं घ्या. याला तुमच्याच इतिहासाचा आधार आहे. १७९७ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात वेड्या ठरवलेल्या पुरुषांच्या साखळ्या काढल्या त्या जाँ-बाप्तिस्त प्युसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते. गंडमाळेचा पेशंट म्हणून त्याच इस्पितळात आले होते, बरे होऊन तिथेच कामाला लागले होते. तिथले डॉक्टर फिलिप पिनेल यांनी ते पाहून त्यांच्याकडून शिकून घेतलं आणि तसं लिहूनही ठेवलं. चित्रांत मात्र साखळ्या पिनेलच काढताना दिसतात.

ताई तुमच्या वर्गात यायला तयार आहे. "केस" म्हणून पुढे बसवून घ्यायला नाही, शिकवायला. तिच्या अटी तिने मला लिहून दिल्या आहेत. मानधन इतर पाहुण्या व्याख्यात्यांइतकं हवं. बसायला खुर्ची शिकवणाऱ्याच्या बाजूला हवी. विद्यार्थ्यांनी तिला प्रश्न विचारावेत, तिनेही त्यांना विचारावेत, आणि तिच्याबद्दल कुणी टिपण काढलं तर ते जाण्याआधी तिला वाचायला द्यावं. वेळ सकाळची ठेवा, म्हणजे ती पूर्ण लक्ष देऊन बोलू शकेल.

आपली,
एक बहीण